काचेमागचे वारूळ

आदिलाबाद जिल्ह्यातील सागवानाच्या रानात, कापसाच्या शेताच्या बांधावर, बाभळीच्या बुंध्याशी काळ्या टपोऱ्या मुंगळ्यांची रांग कोणी पाहिली नाही? तेलुगू, गोंडी आणि मराठी या तिन्ही भाषा जेथे कानी पडतात, त्या सीमाभागात हा कीटक घरोघरी परिचित आहे. शास्त्रात त्याचे नामकरण १७८७ साली फाब्रिशियस या डॅनिश पंडिताने केले. त्याचे काही भाऊबंद लाकूड पोखरून राहतात, म्हणून या कुळाला सुतार-मुंग्या म्हणतात. हा मात्र बहुधा झाडाच्या मुळाशी, मातीत बिऱ्हाड करतो.

परंतु परिचय म्हणजे ज्ञान नव्हे. वारुळाच्या तोंडाशी दिसते ती केवळ वर्दळ. खरा संसार भूमीच्या पोटात असतो. वनाधिकारी राउटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांचा परिचय करून दिला. १९०३ साली बिंगहॅम यांचा जाडजूड ग्रंथ आला. जाती ओळखण्याची सोय झाली. आयुष्य जाणण्यासाठी मात्र वारूळच काचेमागे आणावे लागते.

इंग्लंडात सर जॉन लबक यांनी दोन काचांमध्ये ओलसर माती भरून तसे केले. मुंगी वर्षभरच जगते, अशी तेव्हाची समजूत होती. लबक यांनी १८७४ साली पाळलेली दुसऱ्या एका जातीची राणी १८८८ पर्यंत जगली, आणि ती समजूत कोसळली.

मुंगळ्यांची राणी तर एकटीच राज्य स्थापते. मीलनानंतर ती पंख टाकते, बिळात स्वतःला कोंडून घेते आणि अन्नाचा कणही न घेता, उडण्याच्या निरुपयोगी झालेल्या स्नायूंच्या सत्त्वावर पहिली पिले वाढवते. बंदिवासात तिला अंधार, ओलावा आणि शांतता हवी. पाळणाऱ्याची उत्सुकता हाच तिचा मोठा शत्रू. वारंवार हलवलेली राणी आपलीच अंडी खाऊन टाकते.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील संशोधकांनी हा संयम पाळला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की, कुमारी राणीच्या हालचालींत दिवसरात्रीची नियमित लय असते. अंडी घालण्याच्या काळात ती लोपते आणि पुढे परत येते. मातृत्वाच्या काळात घड्याळ जणू बाजूला ठेवले जाते.

आदिलाबादच्या बांधावरून जाणाऱ्या रांगेमागे असे एक अंधारातले घर असते. ते काचेतून पाहायचे, तर पाहणाऱ्यानेच प्रथम स्वस्थ बसण्यास शिकले पाहिजे.