दानाचा हिशेब कोणी मागावा?

देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले, पुढचे देवाला ठाऊक, अशी दानाविषयी आपली जुनी समजूत आहे. दिलेल्या पैशाचा हिशेब विचारणे हे सज्जनांना हलकेपणाचे वाटते. ह्या सज्जनपणाचा फायदा पुष्कळदा लबाडांनी घेतला, आणि म्हणून कायद्याला मध्ये पडावे लागले.

आरंभी इंग्रज सरकारची वृत्ती अंग काढून घेण्याची होती. 1863 च्या कायद्याने त्याने मंदिरे व मशिदी यांच्या कारभारातून आपला हात काढला व तो समित्यांच्या आणि विश्वस्तांच्या स्वाधीन केला. पुढे 1908 च्या दिवाणी संहितेने, न्यासात हितसंबंध असलेल्या दोघांना सरकारी संमती घेऊन विश्वस्तांवर दावा लावण्याची वाट दिली. 1920 च्या कायद्याने न्यासाचा हिशेब मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येऊ लागला. वाट होती, पण ती चालायची कोणी? देवळाला रुपया देणाऱ्या शेतकऱ्याने घरचे काम टाकून, वकील गाठून, गावातल्याच वजनदार माणसाविरुद्ध उभे राहायचे! असे धाडस करणारे थोडेच निघत.

मुंबई राज्याने 1950 साली हा क्रम उलटा केला. तक्रार येण्याची वाट न पाहता प्रत्येक सार्वजनिक न्यासाने स्वतः नोंदणी करावी, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत, आणि त्यावर धर्मादाय आयुक्ताची नजर असावी, असे ठरले. हिशेबतपासनिसाने केवळ बेरजा पाहावयाच्या नाहीत. खर्च बेकायदेशीर, अनियमित किंवा अयोग्य असेल तर तसे लिहून द्यावयाचे. पूर्वपरवानगीवाचून विश्वस्ताला न्यासाची जमीन विकता येईना. आपला हा भाग त्या वेळी मध्य प्रदेशात होता. तेथे 1951 चा वेगळा कायदा होता. राज्यपुनर्रचनेनंतर मुंबईचा कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला. आज तोच महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो.

पण नजर ठेवणाऱ्याच्या अधिकाराला सीमा कोणती? हा प्रश्न रतिलाल गांधी यांच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. धार्मिक संस्थेच्या मालमत्तेचा कारभार कायद्याने नियमित करता येईल, असे न्यायालयाने मानले. परंतु धर्मादाय आयुक्तालाच अशा संस्थेचा विश्वस्त नेमण्याची आणि धर्मकार्यासाठी दिलेला पैसा, ते कार्य शक्य असतानाही, दुसरीकडे वळविण्याची तरतूद रद्द ठरविली. म्हणजे राखणदाराने राखण करावी, शेताचा मालक होऊ नये. दात्याचा हेतू विश्वस्ताने मोडू नये, तसा सरकारनेही मोडू नये.

इतके असूनही कागदाला एक मर्यादा आहेच. पावती खरी, बेरीज खरी, तरीही वसतिगृहासाठी गोळा केलेल्या पैशाने मुलांच्या पानात काय पडले, हे ताळेबंद सांगत नाही. ते पाहणारा माणूस जवळचाच असावा लागतो.

असे जवळून पाहणे म्हणजे काय, हे पाहावयास आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. तेथील ग्रामकोश ही काही धर्मादाय संस्था नव्हे, पण सामायिक पैशाचा प्रश्न तोच आहे. मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोशात द्यावयाचा, आणि त्याचा विनियोग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने ठरवावयाचा, अशी रीत गावाने घातली. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. रक्कम वाढली, आणि हिशेबाची जबाबदारीही वाढली. येथे देणारा आणि विचारणारा एकच आहे, आणि विचारल्याबद्दल त्याला कोणी कृतघ्न म्हणत नाही.

प्रत्येक संस्थेला गावाची सभा लाभत नाही. शहरातल्या दात्याला ती दिसतही नाही. म्हणून कायदा हवाच. मात्र कचेरीत दाखल झालेला हिशेब कोणी मागितला नाही, तर तो तेथेच धूळ खात पडतो. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळालाही ह्या कायद्याखाली परवानगी घेऊन जमाखर्च द्यावा लागतो. तेव्हा पुढल्या खेपेला पावतीपुस्तक घेऊन मुले दाराशी आली, तर वर्गणी आनंदाने द्या. आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च कोठे लावला आहे, तेही तितक्याच आनंदाने विचारा.