घुमटाशिवाय मशीद

परंपरेने चालत आलेला आकृतिबंध हा आशयाचा अविभाज्य भाग असतो, की केवळ सवयीने अंगवळणी पडलेले वस्त्र? साहित्याच्या वर्गात हा प्रश्न आम्हांला दरवर्षी नव्याने मांडावा लागतो. परंतु तो कवितेपुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकात तुर्कस्तानची राजधानी अंकारा येथे एका मशिदीच्या निमित्ताने हाच प्रश्न उभा राहिला. तेथे त्याचे उत्तर समीक्षालेखांतून आले नाही. घातलेला पाया उखडून ते देण्यात आले. आधुनिक शहरात मशीद कशी असावी, या चर्चेचा इतिहास समजून घ्यायचा तर या घटनेपाशी थांबणे आवश्यक आहे.

मशीद म्हटले की डोळ्यांसमोर घुमट आणि मिनार येतात. प्रत्यक्षात आरंभी हे दोन्ही नव्हते. इ. स. ६२२ मध्ये मदिनेस आल्यानंतर पैगंबरांनी बांधलेली मशीद म्हणजे कच्च्या विटांच्या भिंतींचे एक अंगण होते. त्याच्या एका बाजूस खजुरीच्या खोडांवर झावळ्यांचे छप्पर होते. अजान उंच जागेवरून, उघड्या आवाजात दिली जाई. मिनार आणि भिंतीतील मिहराबाचा कोनाडा यांचा प्रवेश आठव्या शतकाच्या आरंभी, उमय्यद खलिफांच्या काळात झाला. नमाजाला मुळात लागतात त्या दोनच गोष्टी : मक्केकडील दिशा, म्हणजे किब्ला, आणि खांद्याला खांदा लावून उभे राहता येईल अशी स्वच्छ, सलग जमीन. बाकीचे सारे इतिहासाने दिलेले आहे.

ते कसे दिले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. तुर्की मशिदीचा भव्य घुमट हा एका संवादातून घडला. १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, तेव्हा तेथील आयासोफिया हे ख्रिस्ती मंदिर नऊशे वर्षांहून जुने होते. त्याच्या घुमटाने पुढील पिढ्यांतील वास्तुकारांना जणू आव्हानच दिले. सोळाव्या शतकात सिनान या वास्तुकाराने ते स्वीकारले. १५५७ मध्ये पूर्ण झालेली सुलेमानिये मशीद ही त्याची साक्ष आहे. म्हणजे ज्याला आज आपण ‘अस्सल परंपरा’ म्हणतो, तीही एके काळी परक्या रूपाशी झालेली नवी झुंज होती.

१९२३ मध्ये तुर्की प्रजासत्ताक स्थापन झाले आणि अंकारा ही त्याची राजधानी झाली. नव्या राज्यव्यवस्थेने धर्माला सार्वजनिक जीवनात बरेच मागे सारले. १९३२ पासून अजानदेखील अरबीऐवजी तुर्की भाषेत देण्याचे बंधन आले; ते १९५० मध्ये उठले. या पार्श्वभूमीवर राजधानीत एक मोठी मशीद हवी, ही मागणी जोर धरू लागली. १९५७ मध्ये कोजातेपे टेकडीवरील मशिदीसाठी झालेल्या स्पर्धेत वेदात दालोकाय आणि नेजात तेकेलिओग्लू यांचा आराखडा निवडला गेला. पातळ काँक्रीटचे कवच हे त्याचे मुख्य रूप होते. काम पायापर्यंत आले आणि टीका वाढत गेली. ही मशीद मशिदीसारखी दिसतच नाही, हा आक्षेप अखेर निर्णायक ठरला. काम थांबले आणि झालेला पाया उखडण्यात आला. त्यानंतर हुस्रेव तायला आणि फातिन उलुएन्गिन यांच्या आराखड्यानुसार सोळाव्या शतकाच्या धर्तीची, घुमटांची आणि चार मिनारांची मशीद उभी राहिली. ती १९८७ मध्ये खुली झाली. तिच्या पोटात मात्र मोठा बाजार आणि वाहनतळ आहे. वर सिनानचा काळ, खाली विसावे शतक!

नाकारलेल्या कल्पनेला दुसरीकडे जागा मिळाली. पाकिस्तानची नवी राजधानी इस्लामाबाद येथील राष्ट्रीय मशिदीसाठी १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि तीही दालोकाय यांनीच जिंकली. १९७६ ते १९८६ या काळात बांधली गेलेली ही फैसल मशीद मारगल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी एखाद्या प्रचंड तंबूसारखी उभी आहे. तिला घुमट नाही. आतल्या दालनात मध्ये खांब नाही. चार कोपऱ्यांना तुर्की वळणाचे सडसडीत मिनार आहेत. घुमट नसल्याबद्दल तेथेही कुरकुर झाली. आज मात्र हीच आकृती त्या शहराची ओळख बनली आहे. एका राजधानीला जे परके वाटले, तेच दुसरीने आपले मानले.

यावरून अंकारातील विरोधकांना प्रतिगामी ठरवणे सोपे आहे. आम्हांला ते न्याय्य वाटत नाही. ज्यांची श्रद्धा तीन दशके सार्वजनिक जीवनाच्या कडेला ढकलली गेली होती, त्यांना राजधानीच्या क्षितिजावर ओळखू येणारी खूण हवी होती. आकृतिबंध ही स्मृतीही असते, आणि स्मृती हिरावली गेल्याची जाणीव असणाऱ्या समाजाला ‘घुमट अनावश्यक आहे’ हे सांगणे पुरेसे नसते. प्रश्न असा की, त्या स्मृतीची हुबेहूब प्रत काढणे हा एकच मार्ग उरतो का?

दोन वास्तू याचे उत्तर ‘नाही’ असे देतात. पहिली अंकारातीलच. बेहरुझ चिनिजी आणि त्यांचे पुत्र जान चिनिजी यांनी १९८९ मध्ये पूर्ण केलेल्या संसद-संकुलातील मशिदीत किब्ल्याची भिंत काचेची आहे. नमाज पढणाऱ्यासमोर बाग आणि पाणी येते. मिनाराच्या जागी सज्जे आणि एक झाड एवढाच संकेत आहे. तिला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला.

दुसरी वास्तू ढाका शहरातील, मरिना तबस्सुम यांची २०१२ मध्ये पूर्ण झालेली बैत-उर-रऊफ मशीद. जमीन त्यांच्या आजीने दिलेली; पैसा हळूहळू जमवलेला. दाट वस्तीतील हा भूखंड किब्ल्याच्या दिशेशी जुळत नव्हता. तेव्हा बाहेरच्या चौकोनात एक वर्तुळ आणि त्या वर्तुळात वळवलेला दुसरा चौकोन अशी रचना त्यांनी केली. दिशा साधली आणि कोपऱ्यांत उजेड-वाऱ्याला वाटही मिळाली. घुमट नाही, मिनार नाही. छतातील गोल झरोक्यांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर उतरतात. भिंतींची वीट मात्र बंगालच्या सुलतानकालीन मशिदींची आठवण जागवते. बागेरहाटच्या पंधराव्या शतकातील साठ घुमट मशिदीचे घुमट येथे आले नाहीत, वीट आली. या मशिदीलाही २०१६ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. तिच्या उंच जोत्यावर नमाजाखेरीजच्या वेळी मुले खेळतात, वडीलधारी बसतात. मदिनेच्या अंगणाशी तिचे नाते आम्हांला येथे अधिक जवळचे दिसते.

वाद मात्र संपलेला नाही. २०१९ मध्ये इस्तंबूलच्या चामलिजा टेकडीवर सहा मिनारांची, उस्मानी धर्तीची अतिविशाल मशीद खुली झाली. तिची रचना दोन स्त्री-वास्तुकारांनी केली आहे. वास्तुकार आजचा असला म्हणून आकृती आजची होतेच असे नाही. आणि जुनी आकृती टाकली म्हणजे परंपरा सुटते असेही नाही. परंपरेतून काय उचलायचे, याची निवड प्रत्येक पिढीला करावीच लागते. सिनानने ती केली, तबस्सुम यांनीही केली. कोजातेपेला ती निवड टाळली गेली, आणि उखडलेल्या पायाहून मोठे नुकसान आम्हांला तेच वाटते.