दुकानदाराची वही आणि सरकारचा कायदा

इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जो दंगा उसळला तो थोड्याच दिवसांत नगर जिल्ह्यांत शिरला, आणि पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांतील गांवोगांवीं त्याची धग पोंचली. ‘दख्खनचे दंगे’ या नांवानें हा प्रसंग आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केलेला आहे. कुणबी सावकाराच्या दारीं जमले आणि त्यांनीं धनधान्यापेक्षां कागदच अधिक आग्रहानें मागितले. खतें, रोखे, हुकूमनामे हातीं येतांच ते भर चौकांत जाळण्यांत आले. व जेथें ते निमूटपणें दिले गेले तेथें बहुधा कोणाच्या अंगास हातही लागला नाहीं. लोकांचा राग माणसापेक्षां कागदावर होता, ही गोष्ट त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्याही लक्षांत आली होती.

या हकीकतीकडे आम्ही आज वळतों याचें कारण दंगा हें नसून दंग्यानंतर झालेला कायदा हें आहे. ज्यास आपण सरसकट सावकार म्हणतों तो नगर जिल्ह्यांतील लहान गांवीं मुख्यतः दुकानदार होता. मीठ, तेल, गूळ, लुगडें, बीं-बियाणें हीं त्याच्याच दुकानीं उधार मिळत. सुगीला धान्य त्याच्याच मापानें मोजून जाई. आणि सरकारी धाऱ्याचा हप्ता भरण्यापुरते चार रुपयेही त्याच्याच गल्ल्यांतून निघत. पेढीवाला मोठा सावकार तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीं बसे. खेड्यांतील हा वाणी स्वतःच त्याचें कर्ज काढून व्यापार करी. तेव्हां त्या काळच्या कायद्यांनीं सावकारीचें काय झालें हा प्रश्न लहान व्यापाऱ्याचें काय झालें याहून वेगळा काढतां येत नाहीं.

दंग्याच्या मुळाशींही एक कायदाच होता, हें पुष्कळांच्या स्मरणांत नसतें. १८५९ सालीं मुदतीचा नवा कायदा झाला व नोंदणी न झालेल्या साध्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची ठरली. जुनीं, शिळीं मागणीं कोर्टांत येऊं नयेत, कुळास वर्षानुवर्षें टांगून ठेवतां येऊं नये, हा हेतु चांगलाच होता. पण घडलें तें उलट. मुदत संपत आली कीं वाणी कुळास बोलावी व मुद्दल अधिक व्याज मिळून होणाऱ्या रकमेचें नवें खत लिहून घेई. समजा, शंभर रुपये दरमहा दोन रुपये शेकडा व्याजानें घेतले. सरळ व्याजानें नऊ वर्षांनीं त्यांचे तीनशें सोळा रुपये होतात. परंतु दर तीन वर्षांनीं खत बदललें तर पहिल्या वेळीं एकशें बहात्तर, दुसऱ्या वेळीं जवळजवळ दोनशें शहाण्णव आणि तिसऱ्या वेळीं पांचशें आठांच्या वर रक्कम जाते. हें चक्र फिरविण्यास सावकार दुष्टच असावा लागत नव्हता. खत न बदलणारा सज्जन वाणी आपलें मुद्दलच गमावून बसता. त्यांतच अमेरिकेंतील यादवीमुळें चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले, सरकारनें नव्या पाहणींत धारे वाढविले, आणि कुळाजवळ अंगठा उठविण्यापलीकडे कांहीं उरलें नाहीं.

सरकारनें चौकशीमंडळ नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता ‘दख्खनच्या शेतकऱ्यांच्या निवारणाचा कायदा’ झाला. त्याचा अंमल त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून सुरू झाला. हा कायदा त्याच्या काळाच्या मानानें धाडसाचा होता. खतावर काय लिहिलें आहे एवढेंच न पाहतां मूळ देणें कसें उत्पन्न झालें याचा शोध न्यायाधीशानें घ्यावा. हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये. स्पष्टपणें गहाण न दिलेली जमीन लिलावांत काढूं नये. शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी-कामगारासमोरच लिहिलें जावें. सावकारानें प्रत्येक भरण्याची पावती द्यावी आणि मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून द्यावा. दाव्यांची मुदतही पुन्हा वाढविण्यांत आली. कागदावर पाहतां यांतील एकही कलम अन्यायाचें म्हणतां येणार नाहीं.

परिणाम मात्र मिश्र झाला. मोठ्या सावकारापाशीं कारकून होते, वकील होते. त्यानें पावत्यांचीं पुस्तकें छापून घेतलीं आणि कर्जाचें खत टाकून देऊन सरळ खरेदीखत करून घेण्यास आरंभ केला. कागदोपत्रीं जमीन विकली गेली. पैसे फेडल्यावर ती परत देण्याचा करार तोंडीं राहिला. आणि तोंडी कराराची आठवण बळकट पक्षास सोयीप्रमाणें राहते. ही युक्ति इतकी पसरली कीं विक्रीच्या कागदामागें खरा व्यवहार कर्जाचा आहे काय हें पाहण्याची मुभा कोर्टास देणारें एक कलम कायद्यांत मागाहून घालावें लागलें. उलट, दहा-वीस कुळांशीं उधारी करणारा खेड्यांतील वाणी, ज्याची वही मोडींत आणि निम्मा हिशेब डोक्यांत, त्यास नोंदणीचा हेलपाटा आणि वार्षिक हिशेबाचा व्याप झेपला नाहीं. त्यानें हात आखडला. कुळास पेरणीच्या वेळीं पांच रुपये मिळेनात. मिळाले तर जमीन तारण ठेवूनच. कायदा ज्याच्या रक्षणासाठीं होता व ज्याच्या नियमनासाठीं होता, ते दोघेही लहान असले म्हणजे असें होतें.

तथापि त्या कायद्याची एक बाजू आम्हांस विशेष वाटते. त्याचा अंमल कसा होतो हें पाहण्यासाठीं सरकारनें खास न्यायाधीशाची जागा निर्माण केली, आणि १८८७ ते १८९३ या काळांत त्या जागेवर न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे होते. या चारही जिल्ह्यांत फिरून, खालच्या कोर्टांतील निकाल तपासून, कायद्याचें कलम प्रत्यक्ष माणसाच्या दारीं कसें पडतें हें पाहणें हेंच त्यांचें काम होतें. रमाबाईंच्या आठवणी वाचणाऱ्यांस त्या फिरतीच्या दिवसांचा परिचय आहे. कायदा करून सरकार थांबलें नाहीं. त्यानें आपलाच कायदा तपासावयास एक जाणता माणूस पाठविला. पुढें कर्जनिवारणाचे नवे कायदे आले, सहकारी पतपेढ्या निघाल्या, १९५० सालच्या अखेरीस प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें, आणि १८७९ चा कायदा इतिहासजमा झाला.

आतां आजच्या नगरकडे येऊं. २०२४ सालापासून जिल्ह्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे. आम्ही जुन्या सवयीनें ‘नगर’ म्हणतों याची वाचकांनीं क्षमा करावी. येथील कापडबाजारांतला दुकानदार, संगमनेरची लोणचीं-पापड करणारी बाई, अकोल्याच्या डोंगरांतील तांदूळ पिशव्यांत भरून विकणारा तरुण, यांच्यापुढें गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवी पेठ उघडली. तिला ना वेस, ना ओटा. गिऱ्हाईक दूर देशीं बसून यंत्रावर बोट ठेवतें आणि माल टपालानें जातो. या ई-कॉमर्सचे नियम इतक्या वेळां बदलले आहेत कीं १८५९ ते १८७९ चीं वीस वर्षें त्यांपुढें संथ वाटावीं.

१ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू झाला. वीस लाखांच्या आंत उलाढाल असलेल्या सामान्य दुकानदारास नोंदणीची सक्ति नव्हती. १ एप्रिल २०१९ पासून मालाच्या विक्रीपुरती ही मर्यादा चाळीस लाखांवर गेली. पण जो ऑनलाइन बाजारांतून माल विकील त्यास पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. म्हणजे ओट्यावर बसून वर्षाला पंधरा लाखांचे पापड विकणारा मोकळा, आणि यंत्रावरून पंधरा हजारांच्या शेवया विकणारी बाई करदाती! त्यांत १ ऑक्टोबर २०१८ पासून विक्रीच्या रकमेंतून शेंकडा एक रुपया ऑनलाइन कंपनीनेंच परस्पर कापून सरकारांत भरावयाचा असा नियम झाला. तो पैसा पुढें हिशेबांत वळता मिळे खरा, पण तोंपर्यंत लहान विक्रेत्याचें खेळतें भांडवल अडकून पडे. १० जुलै २०२४ पासून ही कपात अर्ध्या टक्क्यावर आली.

मोठ्यांस वेसण घालण्याचाही प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपनीनें केवळ बाजार चालवावा, स्वतः दुकान मांडूं नये, असें धोरण होतें. १ फेब्रुवारी २०१९ पासून तें कडक झालें: ज्या विक्रेत्यांत कंपनीचें भांडवल आहे त्याचा माल त्या बाजारांत विकूं नये, आणि जो विक्रेता आपल्या खरेदीचा पाव हिस्सा ओलांडून त्याच समूहाकडून माल घेतो तो कंपनीच्या ताब्यांतलाच समजावा. हें सारें गल्लींतल्या दुकानदारासाठीं. त्यावर ॲमेझॉननें क्लाउडटेल या मोठ्या विक्रेत्याच्या मूळ संस्थेंतील आपला हिस्सा ४९ वरून २४ टक्क्यांवर आणला, आणि क्लाउडटेल २०२२ च्या मे महिन्यापर्यंत विकत राहिली. यांत बेकायदा कांहीं होतें असें आमचें म्हणणें नाहीं. किंबहुना कायद्याच्या शब्दाप्रमाणेंच झालें म्हणून तर खरेदीखतांची आठवण येते. ज्याच्या पदरीं वकील आहे त्यास नियमाचा अर्थ महिन्याभरांत कळतो.

याउलट २०२० च्या जुलैंतील ग्राहक-संरक्षणाचे नियम पाहावे. ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकानें आपलें नांव, पत्ता, मालाचा मूळ देश हीं प्रसिद्ध करावीं, तक्रार-अधिकारी नेमावा, तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी व एका महिन्यांत तिचें निवारण करावें. ग्राहक म्हणून आम्हीही या नियमांचें स्वागतच करतों; आमच्याच घरीं फसव्या मालाचे दोन-तीन अनुभव आहेत. परंतु जिच्या कारखान्यांत ती, तिची सासू व एक पोळपाट एवढाच परिवार आहे, तिनें पापड लाटतां लाटतां तक्रार-अधिकारीही व्हावयाचें, आणि राहत्या घराचा पत्ता अनोळखी जगास कळवावयाचा, हें नियम लिहिणाराच्या डोळ्यांपुढें आलें असेल काय?

करनोंदणीची सक्ति अखेर १ ऑक्टोबर २०२३ रोजीं सैल झाली. सहा वर्षें लागलीं. आतां मर्यादेच्या आंतील विक्रेत्यास करनोंदणी नको, नुसता एक नांवनोंदणीचा क्रमांक पुरतो. मात्र विक्री राज्याच्या सीमेंतच हवी. संगमनेरची बाई आपला पापड ऑनलाइन बाजारांतून कोल्हापुरास सुखानें पाठवूं शकते. तोच पापड बेळगांवीं मराठीच बोलणाऱ्या गिऱ्हाइकास पाठवावयाचा तर तिला पुन्हा सबंध करनोंदणी करावी लागते. या सीमेचा जाच मराठी माणसास नवा नाहीं. तो पापडालाही व्हावा हें नवीन.

आणि कांहीं नियम तर दुसऱ्याच्या दरबारांत ठरतात. आठशें डॉलरच्या आंतील लहान पार्सलास अमेरिकेंत असलेली जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून तेथील सरकारनें काढून घेतली. जकात कोणीं व कशी वसूल करावयाची याचा उलगडा होईना, म्हणून आपल्या टपाल खात्यानें २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेचीं बहुतेक पार्सलें घेणें थांबविलें. श्रावण संपून भाद्रपद लागत होता. परदेशीं असलेल्या मुलानातवंडांसाठीं फराळाचे डबे याच सुमारास बांधावयाचे असतात, आणि तो फराळ करून देणाऱ्या घरगुती उद्योगांची वर्षाची मिळकत त्याच दोन महिन्यांची. टपाल पुन्हा सुरू झालें तें १५ ऑक्टोबरला, मालाच्या किंमतीच्या निम्म्याइतकी जकात येथेंच आगाऊ भरण्याच्या अटीवर. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतें, आणि चकल्यांचें पीठ तोंपर्यंत दळून झालेलें होतें.