चुलीवरची वीज : तीन वॅटचा इतिहास आणि आपला सातपुडा

सध्या चुलीवर मोबाईल चार्ज करायचे व्हिडिओ जोरात फिरताहेत. चुलीच्या कडेला एक पत्रा, त्यावर पांढरी चौकोनी चकती, चकतीवर पाण्याचं भांडं, दोन वायरी बाहेर काढल्या की फोन चार्जिंगला लागतो. खाली लोकांचं म्हणणं दोनच प्रकारचं. एक, 'सगळं खोटं आहे भो!' दुसरं, 'आता महावितरणची गरजच संपली!' मंडळी, दोन्ही चूक. या चकतीचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातला प्रश्न थेट आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांना येऊन भिडतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

१८२१ साली थॉमस सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडल्या आणि एक सांधा तापवला. शेजारी ठेवलेली होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं, ही चुंबकाची करामत. ही वीज आहे हे ऑर्स्टेडने नंतर स्पष्ट केलं. १८३४ मध्ये फ्रान्सच्या पेल्टियेने याचीच उलटी बाजू दाखवली. वीज सोडली तर एक सांधा गार होतो, दुसरा तापतो. गाडीत ठेवायच्या छोट्या कूलबॉक्समध्ये आणि पाणी गार करणाऱ्या काही छोट्या यंत्रांत जी चकती असते ती हीच. बाजारात 'पेल्टियर' म्हणून मिळते. चार सेंटीमीटर लांब-रुंद, आत १२७ जोड्या. वीज दिली तर गारवा देते, एक बाजू तापवून दुसरी गार ठेवली तर वीज देते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी गोची इथंच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ वर गेला की एकजण तरी म्हणतोच, 'राव, या उन्हाची वीज करा ना!' पण ही चकती नुसत्या उष्णतेवर चालत नाही, दोन बाजूंच्या फरकावर चालते. दोन्हीकडे ४५ असेल तर वीज शून्य. म्हणून वर पाण्याचं भांडं लागतं. आणि पाणी एकदा उकळायला लागलं की वरची बाजूही तापते आणि वीज घसरते. चुलीवरच्या विजेत विस्तवाइतकंच गार पाणी महत्त्वाचं आहे.

याचा सर्वात मोठा उपयोग कुणी केला? रशियाने. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लपून लढणाऱ्या गनिमी तुकड्यांकडे रेडिओ होते, पण बॅटऱ्या कुठून आणणार? लेनिनग्राडच्या अब्राम इऑफे यांच्या संस्थेने त्यांच्यासाठी एक भांडं तयार केलं. बुडाशी अशा जोड्या बसवलेल्या, आत पाणी, खाली शेकोटी. त्या विजेवर बिनतारी संदेश जायचे. युद्धानंतर रॉकेलच्या कंदिलावर बसणारं यंत्र निघालं. वीज न पोचलेल्या खेड्यात कंदील उजेडही द्यायचा आणि त्याच्याच उष्णतेवर रेडिओही चालायचा. वीज किती? दोन-तीन वॅट! तेवढ्यात गावाला बातम्या कळायच्या.

हेच तत्त्व १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर गेलं. तिथं विस्तवाच्या जागी प्लुटोनियमची उष्णता आणि पाण्याच्या जागी अंतराळातला गारठा. एकही भाग फिरत नाही म्हणून झिजत नाही. अमेरिकेतल्या बायोलाईट कंपनीने २०१२ च्या सुमारास काटक्यांवर चालणारी आणि फोन चार्ज करणारी शेगडी बाजारात आणली, तीही यावरच. म्हणजे व्हिडिओ खोटे नाहीत.

आता हिशोब करू. स्वस्तातली चकती घेतली आणि दोन बाजूंत ६० अंशांचा फरक टिकवला, तर सगळं नीट जमून साधारण एक वॅट मिळतो. व्होल्टेज दीडच्या आसपास, म्हणून ते पाचपर्यंत चढवणारं छोटं सर्किट लागतं. तेही थोडी वीज खातं. घरची चूल दिवसातून तीन तास पेटते असं धरा. तीन तासांच्या या विजेवर बटणाचा साधा फोन जवळपास भरतो. आजचा मोठा स्मार्टफोन भरायला सहा-सात दिवस चूल पेटवावी लागेल. पण अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा घेतला, तर तोच साठा चार-पाच तास उजेड देतो. पोराचा अभ्यास होतो, रात्री-बेरात्री साप-विंचू दिसतो.

आणि एक इशारा. चकती थेट जाळावर ठेवू नका. आतलं स्वस्तातलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं, खेळ खलास. फोन चार्ज करायचा म्हणून वेगळी लाकडंही जाळू नका. आलेल्या उष्णतेतले शंभरात दोन-तीन भागच विजेत जातात. आपल्या दीपनगरला कोळशाच्या उष्णतेतला साधारण तिसरा भाग तरी वीज होतो. कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताना जी उष्णता वाया जातेय, ती वापरली तर ठीक. धूर घरच्या बाईच्या डोळ्यात जाणार असेल तर नको ती वीज.

म्हणजे हे यंत्र खरं आहे, पण लहान आहे. मग लहान वीज कामाची असते का? २०१२ च्या आधीचं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. मी तेव्हा बातम्या गोळा करत खेड्यांत फिरायचो. दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. बाजाराच्या दिवशी लोक भाजीच्या पिशवीत मोबाईल घेऊन यायचे आणि दुकानात पाच-दहा रुपये देऊन चार्ज करून न्यायचे. रात्री कुणाला ताप आला, बाळंतपणाची घाई झाली, तर गाडी बोलवायला त्या फोनमध्ये दोन काड्या बॅटरी असणं ही चैन नव्हती.

आणि लोकांनी स्वतः केलेल्या विजेचा इतिहास तर आपल्याच खान्देशात आहे. धडगाव तालुक्यातलं बिलगाव. आज नंदुरबार जिल्ह्यात, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात. उदई नदीचा धबधबा वापरून जानेवारी २००३ मध्ये तिथं १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीच्या अभियंत्यांनी तो आखला, नर्मदा बचाओ आंदोलन सोबत होतं, असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंटने मदत केली आणि आदिवासींनी श्रमदान केलं. 'स्वदेस' पिक्चरमधल्या विजेच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचं सांगितलं जातं. चित्रीकरण मात्र वाईजवळच्या मेणवलीत झालं.

पुढे काय झालं? मार्च २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची १२१.९२ मीटरपर्यंत न्यायला मंजुरी मिळाली आणि त्याच पावसाळ्यात बिलगावचा प्रकल्प पाण्याखाली गेला. ज्या धरणातून शेकडो मेगावॅट वीज निघते, त्याच धरणाच्या पाण्याने पाड्यांची १५ किलोवॅट बुडवली. यंत्र बिघडलं नव्हतं, लोक थकले नव्हते. कुणाची वीज मोजायची आणि कुणाची नाही, हे ठरवण्यात त्यांचा वाटा नव्हता, एवढंच.

मोजणीचा हा घोळ जुना आहे. २००४ च्या व्याख्येनुसार गावातल्या १० टक्के घरांत वीज आली (शाळा, पंचायत यांसारख्या ठिकाणीही आली) की गाव 'विद्युतीकृत'. २८ एप्रिल २०१८ ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं, ते याच व्याख्येवर. सप्टेंबर २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांसाठी सोलर संच होते. २०० ते ३०० वॅटचं पॅनल, पाच एलईडी, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षं देखभाल. योजना चांगली. पण २०१८-१९ ला बसलेल्या संचांची ती पाच वर्षं उलटून गेली. बॅटरी गेली की पॅनल छपरावर नुसतं चमकतं, आणि सरकारी कागदावर मात्र ते घर उजेडातच असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. चुलीवरची चकती पोरांनी जरूर करावी. विज्ञान प्रदर्शनात ठेवावी, फरक मोजावा, वहीत लिहावा. दोन-तीनशे रुपयांत यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही. पण 'आता लोक चुलीवर चार्ज करतात' असं म्हणून कुणी हात झटकणार असेल, तर ते चालणार नाही. रशियाच्या खेड्यातला तो कंदीलही वीज पोचेपर्यंतची सोय होता, तारेला पर्याय म्हणून कुणी तो कायमचा गळ्यात मारला नव्हता. साक्रीत शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, भुसावळला दीपनगर आहे. एवढी वीज करणाऱ्या खान्देशात पाड्यावरच्या पोराने विस्तवापुढे बसून फोनची बॅटरी मोजावी, याची लाज पोराला नाही, आपल्याला वाटायला हवी.

पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या पाड्यावर किती सोलर संच बसले, त्यातले आज किती चालू आहेत आणि बॅटरी कोण बदलणार? उत्तर लेखी मागा. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री, धडगाव, जिथून कुठून वाचत असाल तिथला आकडा मला कळवा. पाड्यांच्या नावानिशी मांडतो.