जुन्या दुचाकीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळांच्या संबंधानें फार वापरला जातो. पण त्याचें फळ सर्वत्र सारखेंच मिळतें असें नाहीं. कोठें कोसळती भिंत सांवरली जाते व शिल्प वांचतें. कोठें भक्तांच्या उत्साहानें कोरीव खांबांवर रंगाचे थर चढतात आणि शिलालेख चुन्याखालीं गडप होतो. दोन्ही कृत्यांना नांव मात्र एकच. घरांत माडीवर पडलेली जुनी सायकल दुरुस्तीस काढणाऱ्या गृहस्थालाही हाच विवेक करावा लागतो, हें आम्हांस एका चुकीनें कळलें. ती चूक सांगण्यापूर्वीं या यंत्राची वंशावळ थोडक्यांत पाहूं.

१८१७ सालीं जर्मनींतील कार्ल फॉन द्राइस यानें पायांनीं जमीन रेटीत चालवावयाची दुचाकी केली. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पायडलें लागलीं. साखळी नसल्यामुळें पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाच्या परिघाइतकेंच अंतर तुटे. म्हणून वेगाच्या हव्यासानें तें चाक फुगत फुगत माणसाच्या खांद्याशीं आलें, व पडणाऱ्याचीं हाडें मोडूं लागलीं. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यानें १८८० सालीं सुधारलेली साखळी काढली. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ले यानें मागच्या चाकाला साखळीनें गति देणारी 'रोव्हर' तयार केली. आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभही १८८८ सालींच, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगांवच्या सायकलदुकानापासून धरतात. जिला आपले लोक पायगाडी म्हणत, ती अशा रीतीनें मराठी कारखानदारीच्या श्रीगणेशाला साक्षी आहे.

त्यानंतर साध्या प्रवासी सायकलीचें स्वरूप फारसें पालटलें नाहीं. अठ्ठावीस इंची चाकें, दीड इंची टायर, सळयांचे ब्रेक, आणि पुढें बत्तीस व मागें चाळीस तारा, ही इंग्रजी घडण आपल्या देशानें उचलली व विलायतेनें ती टाकल्यावरही सांभाळली. म्हणून ऐंशी वर्षांच्या विलायती सायकलीला बसणारा टायर आजही आपल्या बाजारांत मिळूं शकतो. तथापि सर्वच भाग असे सलोख्यानें वागत नाहींत. रॅलेच्या कांहीं भागांवर इंचास सव्वीस आटे असत, तर इतर बहुतेक इंग्रजी कारखाने चोवीस ठेवीत. एकाचा कप दुसऱ्यांत जबरीनें बसविला तर दोन्ही जातात. डावें पायडल व साखळीकडील बाजूचा कप यांचे आटे उलटे असतात. ज्या दिशेनें फिरविल्यास एरवीं आटा घट्ट होतो, त्याच दिशेनें हे सुटतात. हें ठाऊक नसल्यामुळें किती पान्हे व किती बोटें जायबंदी झालीं असतील!

आतां आमची चूक. आजोबांची सायकल आम्हीं प्रथम हातीं घेतली, तेव्हां तिला 'नवी' करण्याचा आमचा निश्चय होता. कांचकागदानें सांगाडा घांसून लखलखीत केला. त्यासरशीं मडगार्डावरील हातानें ओढलेल्या सोनेरी रेषा गेल्या. गंजक्या सामानाबरोबर हँडलाला तारेनें बांधलेला नगरपालिकेचा कराचा बिल्लाही आम्हीं भंगारवाल्यास देऊन टाकला. असल्या बिल्ल्यांवर बहुधा गांवाचें नांव व वर्ष असे. आजोबा नोकरीनिमित्त कोणत्या गांवीं केव्हां होते, यासंबंधीं आमच्या घरांत आज दोन मतें आहेत. जाणतीं माणसें राहिलीं नाहींत. वाद मिटविणारा एकमेव लेख आम्हींच वजनावर विकला.

तेव्हांपासून आमचा क्रम उलटा झाला आहे. प्रथम निरीक्षण, मग टिपण, आणि शेवटीं पान्हा. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबवर अनेकदां वर्षाचे अंक ठोकलेले असतात. पण तें वर्ष हबचें, सांगाड्याचें नव्हे, कारण चाकें बदललीं जातात. तीन बंदुकांची खूण दिसली म्हणून सायकल बी. एस. ए.चीच, असेंही समजूं नये. बर्मिंगहॅमची ती बंदुका करणारी कंपनी आपले सुटे भाग इतर कारखान्यांसही विकीत असे. इतिहासकार ताम्रपटाची जशी उलटतपासणी करतो, तशी येथेंही करावी लागते.

अडकलेली कॉटर पिन तेल पाजून रात्रभर तशीच ठेवावी. हातोड्याची घाई करूं नये. छर्रे रॉकेलनें धुवावे व झिजलेले बदलावे. गंजासाठीं ऑक्झॅलिक आम्लाचा सौम्य द्राव उपयोगी पडतो, पण तो आधीं आडबाजूस लावून पाहावा. तें विष आहे; हातमोजे घालावे व मुलांना दूर ठेवावें. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तो कोरडा घांसणें प्रकृतीसही वाईट.

यावर कोणी म्हणेल, 'गंज व पोपडे जपून काय साधणार? सायकल बसण्यासाठीं असते.' हा आक्षेप आम्हांस अर्धा मान्य आहे. जी चालत नाहीं ती सायकल नव्हे, सायकलीचें प्रेत होय. म्हणून टायर, ब्रेकचे रबर, छर्रे, साखळी, जें झिजण्यासाठींच केलेलें असतें व ज्यावर जीव अवलंबून असतो, तें निःशंक बदलावें. परंतु जेथें कांहीं लिहिलेलें आहे, मग तें अक्षरांत असो, रेषांत असो कीं हाताच्या घर्षणानें मुठीवर पडलेल्या खांचेंत असो, तेथें हात आंखडावा. काढलेला जुना भागही चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा. नवा रंग केव्हांही देतां येतो. जुना एकदां गेला कीं गेला.

आमच्या अडगळींत दुसरी एक दुचाकी आहे. तिच्या मागच्या मडगार्डावर कोणीतरी जाड कुंचल्यानें काढलेलीं दोन आद्याक्षरें आहेत. तीं कोणाचीं, याचा शोध चालू आहे. तोंवर त्या मडगार्डाला आम्ही मऊ फडक्याखेरीज कांहीं लावणार नाहीं.