शपथ आणि सोबत

व्यसनी माणसाला शपथ घालावी, ही आपली जुनी रीत. कधी आईच्या गळ्याची, कधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, तर कधी थेट वेदीसमोर. ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या रीतीला मोठे स्थान आहे. आयर्लंडमधील कॉर्क शहरी 1838 साली फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कापुचिन धर्मगुरूंनी मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ आरंभिली आणि काही वर्षांतच लाखो लोकांनी ती शपथ घेतली. पुढे भीषण दुष्काळ आला, फादर थकले, चळवळ ओसरली. शपथ घेणाऱ्यांचा निश्चय खरा असणार; परंतु घरी परतल्यावर त्यांतील पुष्कळजण एकाकी पडले असावेत, असे मला वाटते.

ही उणीव पुढील शतकात भरून निघाली. अमेरिकेतील ॲक्रन येथे 1935 साली बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. त्या काळी रुग्णालये मद्यपींना सहसा थारा देत नसत. तेव्हा तेथील सेंट थॉमस रुग्णालयातील सिस्टर इग्नेशिया यांनी 1939 मध्ये अशा रुग्णाला चक्क जठरदाहाचा रोगी म्हणून दाखल करून घेतले! (या लबाडीबद्दल त्यांना स्वर्गात कोणी जाब विचारला नसावा.) बरा झालेला रुग्ण घरी निघाला की त्या त्याला येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह देत आणि बजावीत, की पुन्हा प्यायची वेळ आलीच, तर आधी हे मला परत आणून दे. हीही शपथच होती, पण ती मोडण्याआधी एका माणसाला तोंड दाखवावे लागे.

महाराष्ट्रात हा विचार रुजविण्यात एका धर्मगुरूचा वाटा आहे. स्वतः मद्यपाशातून सुटलेल्या फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेल्या योगाची जोड त्यांनी या कार्याला दिली. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, शिरली. अनिल अवचट यांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलेले वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी तेथेच 29 ऑगस्ट 1986 रोजी ‘मुक्तांगण’ उभे केले. गर्द थांबली की शरीर तडफडते. उलट्या, अंगदुखी, झोपेचा पत्ता नाही. गर्दुल्ले तिला ‘टर्की’ म्हणतात. औषधांनी ती काही दिवसांत आवरते. मग उरतात जुने मित्र, जुना कोपरा, मनातील लाज आणि घरच्यांचा उडालेला विश्वास. म्हणून तेथे 35 दिवसांचा मुक्काम, गटचर्चा, समुपदेशन, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. बरे झालेले रुग्णमित्रच पुढे कार्यकर्ते होतात. नव्या रुग्णाच्या सबबी त्यांना तोंडपाठ असतात. त्यांनी त्या पूर्वी स्वतः सांगितलेल्या असतात!

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तेथील ‘सहचरी’ हा पत्नींचा गट. नवऱ्याचे व्यसन लपविता लपविता ती बाई स्वतःच खचलेली असते. आपल्या नागपुरातील धर्मग्रामांतही अशी घरे आहेत. “फादर, त्याला एकदा चांगली समज द्या,” अशी विनंती धर्मगुरूकडे येते. “सुनेशी कुणीतरी बोला,” असे क्वचितच कोणी म्हणते. कफर्णहूम येथील पक्षघाती माणसाला छपरातून खाली सोडणारे चौघे होते, आणि प्रभूने त्यांचाही विश्वास पाहिला, हे शुभवर्तमानकार मार्क आवर्जून नोंदवितो. व्यसनी माणसाची खाट आपल्याकडे बहुधा एकटी बायको किंवा म्हातारी आई ओढत असते. मिस्सानंतर तिच्याशी दोन शब्द बोलायलाही आपण बिचकतो.

डॉ. अनिता 1997 साली कर्करोगाने गेल्या. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे नेले. व्यसनमुक्तीचे वर्ष पूर्ण झाले की मुक्तांगणात त्या माणसाचा वाढदिवस साजरा होतो, आणि त्या दिवशी घरची माणसेही येतात.