अरेकिपाहून रात्रीची बस

धावू नका. कुस्कोत पहिल्या दिवशी कोणी धावत नाही. तुम्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहात, हवा जेमतेम दोन-तृतीयांश उरलीय आणि चार पायऱ्यांतच तुमचा जीव घशाशी आलाय. सान फ्रान्सिस्को चौकातल्या दगडावर बसा घटकाभर. साल १९०१. रेल्वे इथवर यायला अजून सात वर्षं आहेत. तोवर जे काही येतं ते खेचराच्या पाठीवरून, वळणं मोजत. फुटबॉलही बहुधा तसाच आला असणार.

समोरची शाळा कोलेहिओ दे सिएन्सियास, म्हणजे विज्ञान विद्यालय. १८२५ साली दस्तुरखुद्द सिमोन बोलिव्हारने काढलेली. तिच्यातली पोरं ८ जुलैला क्लब काढतात आणि नाव ठेवतात सिएन्सियानो. 'विज्ञानवाले', असं म्हणू या. पुढे शंभर वर्षं लोक हे नाव बोंबलतील तेव्हा त्यांच्या मनात विज्ञान नसेल, पण शाळा असेल.

पुढची पासष्ट वर्षं मी तुम्हाला झोपेतूनच नेतो. राजधानी लिमाच्या लेखी ती तशीच गेली. १९६६पर्यंत पेरूची 'राष्ट्रीय' विजेतेपदाची स्पर्धा म्हणजे लिमा आणि शेजारचं कायाओ बंदर, एवढंच राष्ट्र. डोंगरातले लोक आपसात खेळत, आपसात भांडत. दार उघडल्यावरही डोंगरातला संघ म्हणजे 'त्यांच्या गावात दम लागतो म्हणून जिंकतात', हा शेरा ठरलेला. त्यात तथ्य आहेच. तुमचीच छाती अजून भात्यासारखी हलतेय. पण दम काही गोल मारत नाही.

उठा आता. २००३.

कोपा सुदामेरिकाना ही खंडातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. लाल शर्टवाल्या या संघाने चिलीच्या युनिव्हर्सिदाद कातोलिकाला घरी पाठवलं, मग ब्राझीलच्या सान्तोसला. रोबिन्यो आणि दिएगोच्या सान्तोसला! मग कोलंबियाचा अॅतलेतिको नासिओनाल. प्रशिक्षक फ्रेडी तेर्नेरो. पुढे पस्तिशीतला हेर्मान कार्ती, स्पर्धेत सर्वांत जास्त गोल त्याचेच. गोलात ऑस्कर इबान्येस, जन्माने अर्जेंटिनाचा, मनाने पेरूचा. आणि रस्त्यारस्त्यात एकच घोष: 'सी से पुएदे', जमतं की!

अंतिम फेरीत रिव्हर प्लेट. टोपणनावच 'लक्षाधीश'. ब्युनोस आयर्सच्या मोनुमेंताल मैदानात, जिथे डोंगर नाही आणि विरळ हवेची सबबही नाही, तिथे ३-३. तुम्ही कुस्कोतल्या एका दुकानाबाहेर टीव्हीपुढे उभे आहात. शेजारची बाई तुमचा दंड इतका आवळते की वळ उठतो. ओळख ना पाळख.

आणि मग ती खोच: दुसरा सामना घरी नाहीच. अंतिम सामन्याला लागते तेवढी माणसं कुस्कोच्या गार्सिलासो मैदानात मावत नाहीत. म्हणून अरेकिपा, हजारेक मीटर खाली, मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी. शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा दिवस, तोही परक्या अंगणात.

१९ डिसेंबर. तुम्ही सिमेंटच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलात, कारण दुसरी जागाच नाही. खेळ देखणा म्हणता येणार नाही. पाय घसरतात, शिट्ट्या वाजतात. रेफ्रीच्या लाल कार्डांनी सामना संपेपर्यंत सिएन्सियानोचे नऊच जण मैदानात उरणार आहेत. ७८व्या मिनिटाला फ्री किक. चेंडूपाशी कार्लोस लुगो, पॅराग्वेचा. तो धावत येतो आणि क्षणभर हजारो माणसं श्वास घ्यायची विसरतात. या वेळी उंचीचा संबंध नाही. चेंडू जाळ्यात. १-०. पुढे इबान्येस आहे, घड्याळ आहे, आणि कुणाचा तरी रुमाल तुमच्या दातांत. शिट्टी. त्याआधी पेरूच्या एकाही क्लबने खंडाचा चषक जिंकला नव्हता.

परतीची बस रात्रभर चढते. कानाला दडे बसतात. खिडकीला डोकं टेकून तुमचा डोळा लागतो आणि काळ पुन्हा घसरतो: २००४, फ्लोरिडा, पेनल्टींवर बोका ज्युनियर्सही गारद. २०१५, तेर्नेरो गेला, आणि त्याच वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०१९, पुन्हा वर. पेरूचं राष्ट्रीय विजेतेपद मात्र कुठल्याच वर्षी दिसत नाही. दोन-तीनदा हाताशी येऊन निसटलेलं, एवढंच.

बस खड्ड्यात आदळते. शेजारचे आजोबा जागेच आहेत, गळ्यात लाल मफलर, मांडीवर भाजलेल्या मक्याची पुडी.

"आता पुढच्या वर्षी देशाचा चषक," ते म्हणतात. "बाहेरचा मिळाला, घरचा काय अवघड?"

तुम्हाला माहीत आहे. आजोबा पुडी तुमच्यापुढे धरतात. तुम्ही मूठभर दाणे घेता आणि मन लावून चावत राहता.